शून्य पॉइंट शून्य सहा

मी पस्तीस वर्षं खरखर मोजली. नोकरी काय करत होता, असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो आणि गप्प बसतो. समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या बायकोकडे बघतो. शीला सवयीनं सांगते, "खरंच तेच करत होते. घरी मात्र दोन-दोन दिवस दाढी करत नाहीत."

आमच्या रायपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा नव्या रायपुरात नोकरी करणाऱ्या एका मुलीकडे आहे. मुलगी पुण्याची, बोलणं शुद्ध. तिनं मला विषय दिला होता, 'राजधानी झाल्यावर बदललेलं रायपूर'. मी म्हटलं, बाई, तेलीबांध्याच्या तळ्याकाठी काय होतं आणि काय झालं, हे सगळ्यांनाच दिसतं. माझी उमेदीची वर्षं दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत एका सुईकडे बघण्यात गेली. त्यातलं काही चालत असेल तर लिहितो. ती म्हणाली, "चालेल काका, फक्त सोपं लिहा." तर सोपं लिहायचा प्रयत्न करतो.

लेथवर किंवा ग्राइंडरवर तयार झालेला लोखंडी भाग डोळ्यांना गुळगुळीत दिसतो. तो तसा नसतो. हत्यारानं त्यावर बारीक ओरखडे ठेवलेले असतात, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारखे, एका ओळीनं. आमच्या यंत्राला हिऱ्याचं टोक असलेली सुई असते. ती त्या ओळींना ओलांडत चार-पाच मिलिमीटर चालवायची. ती खालीवर होते, यंत्र ते टिपतं आणि सगळ्या चढउतारांची सरासरी काढून एक आकडा देतं. हा आकडा मायक्रॉनमध्ये असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस, ज्यांच्या डोक्यावर शिल्लक आहे त्यांचा, साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. ग्राइंडरवरून नीट घासून आलेल्या शाफ्टचा, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याचा, आकडा पाव-अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येतो. आकडा जेवढा कमी, तेवढा पृष्ठभाग गुळगुळीत. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मी त्यावरूनच घसरणार आहे.

सुई नाजूक, त्यामुळे तिचे नखरे फार. एकदा महिनाभर रोज अकराच्या सुमारास आकडे उड्या मारू लागले. मी यंत्र उघडलं, तारा बदलल्या, टेबलाखाली रबराच्या चकत्या घातल्या, शेवटी ममतावर चिडलो. ममता वर्मा माझी सहायक, नोंदी आणि टायपिंग सांभाळणारी, शांत डोक्याची बाई. ती उठून बाहेर गेली आणि दोन मिनिटांत परत आली. "सर, पीछे टायरवाला ग्यारह बजे दुकान खोलता है. उसका कंप्रेसर अपनी दीवार से लगा है." मी त्या टायरवाल्याला हात जोडून कंप्रेसर पलीकडच्या भिंतीला न्यायला लावला. तो म्हणाला, "साहब, इतनी सी हवा से आपकी मशीन डर जाती है?" खरंच डरत होती.

आणि गिऱ्हाईकं. राज्य नवीन झालं, शहरात जिकडेतिकडे इमारती उठू लागल्या, त्या दिवसांत एक ठेकेदार ग्रॅनाइटची फरशी पोत्यात गुंडाळून घेऊन आला. नव्या इमारतीत त्याच्या फरशीवरून कुणी अधिकारी घसरला होता. ठेकेदार म्हणाला, "कितना चिकना है, नापके लिख दो." मी त्याला समजावलं की माझं यंत्र लोखंडी भागांसाठी आहे, आणि गुळगुळीत असणं हा काही फरशीचा दोष नव्हे. तो म्हणाला, "साहब, पैर को भी तो पकड़ने के लिए कुछ चाहिए ना." मी ती गोष्ट वर्षभर हसत हसत सगळ्यांना सांगितली. तो माणूस माझ्यापेक्षा शहाणा होता, हे मला कळायला भागीरथीचं प्रकरण घडावं लागलं.

भागीरथी साहू हा ठवकरांच्या कारखान्यातला ग्राइंडर चालवणारा. कारखाना भनपुरीच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. चार लेथ आणि एक जुना ग्राइंडर. मालक वासुदेवराव ठवकर तुमसरकडचे, म्हणजे माझ्या वडिलांच्या गावच्या बाजूचे. त्या नात्यानं ते मला बोरकर साहेब म्हणत, पण बोलत असं की साहेबपणा टिकू नये. बाहेरगावची एक कंपनी भाताच्या गिरण्यांची यंत्रं बनवायची. तिच्या गिअरबॉक्समधले शाफ्ट ठवकर पुरवत.

गिअरबॉक्समध्ये तेल असतं. फिरणारा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथून तेल गळू नये म्हणून रबराची एक कडी बसवतात, तिला ऑईल सील म्हणतात. सीलचा पातळ ओठ शाफ्टवर टेकून राहतो आणि शाफ्ट त्याच्याखाली दिवसभर गरगर फिरतो. त्या ओठाखालची दोन बोटं रुंदीची जागा भागीरथी घासायचा. दर लॉटमधला एक नमुना माझ्याकडे यायचा आणि तो घेऊन भागीरथी स्वतः सायकलवर यायचा. शाफ्ट तेल लावलेल्या कागदात, त्यावर फडकं, आणि ते सगळं पिशवीत. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. मराठी समजायचं त्याला, वीस वर्षं ठवकरांच्या हाताखाली काढलेली. बोलायचा मात्र छत्तीसगढी वळणाची हिंदी.

बाकीचे लोक नमुना ठेवून निघून जात आणि चार दिवसांनी रिपोर्ट नेत. हा थांबायचा. भिंतीला पाठ लावून उभा, हातात टोपी, नजर सुईवर. पहिल्यांदा आकडा आला शून्य पॉइंट तीन पाच. मी म्हटलं, "छान आहे." त्यानं विचारलं, "इससे कम भी होता है साहब?" मी म्हटलं, होतो की. पुढच्या खेपेला पॉइंट दोन आठ. मग पॉइंट एक नऊ. माझ्यासारख्या माणसाला ह्याची गंमत वाटणारच. गावातले निम्मे कारागीर माझ्या आकड्यांना शिव्या घालत, आणि हा माणूस शाळेतल्या पोरासारखा मार्कांची वाट बघत होता. मी त्याला चढवत गेलो, हे आज स्पष्ट सांगतो. "भागीरथी भैया, पॉइंट एकच्या खाली आणून दाखवा," असंही मी एकदा म्हणालो, चेष्टेत. त्यानं ते चेष्टेत घेतलं नाही.

ग्राइंडरच्या दगडानं तेवढं होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं स्वतःची रीत काढली. घासून झालेला शाफ्ट तसाच फिरत ठेवायचा, लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये जुना, झिजलेला एमरी पेपर, म्हणजे घासकागद, धरायचा, तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि हलक्या हातानं वीस मिनिटं दाबून धरायचं. एकेका शाफ्टला वीस मिनिटं. जेवणाची सुट्टी त्यात जायची. आपलं तोंड दिसलं पाहिजे, असा त्याचा हिशेब होता.

ज्या दिवशी सुईनं शून्य पॉइंट शून्य सहा दाखवलं, त्या दिवशी मी टेबलाला वळसा घालून गेलो आणि त्याच्याशी हात मिळवला. ममतानं यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी कापून त्याला दिली. तीवरची रेघ जवळजवळ सरळ होती. रिपोर्टमध्ये शेरा लिहिण्याची सक्ती नसते, तरी मी 'एक्सलंट फिनिश' असा शेरा लिहिला. माझ्या साऱ्या नोकरीत मी तो दोन-तीनदाच लिहिला असेल. भागीरथीनं ती पट्टी ग्राइंडरच्या झाकणावर चिकटवली, असं ठवकरांनी मला सांगितलं. आम्ही दोघंही खूश होतो.

तीन महिन्यांनी ठवकर माझ्या खोलीत आले आणि खुर्चीत न बसताच बोलू लागले.

"साहेब, तुमचा रिपोर्ट एक्सलंट, अन् तिकडे तेल गळून राहिलं."

गिरण्यांचा हंगाम ऐन भरात होता आणि कंपनीचे गिअरबॉक्स एकामागून एक गळत होते. सील काढून बघितले तर ओठ करपलेले. कंपनीनं अकरा शाफ्ट परत पाठवले आणि सोबत पत्र, की प्रयोगशाळेला दाखवलेला नमुना एक आणि आम्हाला पाठवलेला माल दुसराच, असं दिसतं.

"मले सांगा, असं होऊ शकते का?" ठवकरांनी विचारलं. "एक शाफ्ट घासून पुसून तुमच्याकडे आणला, अन् बाकीचे कसेबी देले ढकलून?"

इथं मी एक वाक्य बोललो. ते मला आजही पाठ आहे. मी म्हणालो, "माझ्याकडे जो नमुना आला तो उत्तमच होता. बाकीच्या मालाबद्दल मी काय सांगणार?"

शब्दाशब्दाला खरं होतं ते. प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी अशाच अर्थाची ओळ आम्ही छापतो, की हा निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता आहे. मी माझा रिपोर्ट वाचवत होतो. त्या वाक्यानं एक माणूस चोर ठरू शकतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तर मी तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठवकरांनी सगळ्या कामगारांसमोर भागीरथीला उभं केलं. साहेबांनी तसं सांगितलं, असंही म्हणाले. भागीरथीनं एवढंच विचारलं, "बोरकर साहब ने बोला?" ठवकर हो म्हणाले. त्यानं हात पुसले, सायकल काढली आणि घरी गेला. त्यानंतर तो कामावर आला नाही. मला हे कळलं ते ठवकरांच्या फोनवरून. त्यांना कंपनीला उत्तर द्यायचं होतं, म्हणून परत आलेले अकरा शाफ्ट मी येऊन मोजावेत आणि ते खराब असल्याचं लिहून द्यावं, अशी त्यांची विनंती होती.

पेटीत मावणारं छोटं यंत्र घेऊन मी गेलो. शेडमध्ये बाकीची माणसं आपापल्या लेथवर होती, पण कुणी माझ्याकडे बघेना. पहिला शाफ्ट पुसला, सुई लावली. शून्य पॉइंट शून्य सात. मी सुई उचलून दुसऱ्या जागी लावली. शून्य पॉइंट शून्य सहा. दुसरा शाफ्ट, तिसरा, चौथा. अकराही शाफ्ट मी तीन-तीन जागी मोजले. सगळे एकसारखे, माझ्याकडे आलेल्या नमुन्यासारखेच. त्या माणसानं लॉटमधल्या प्रत्येक शाफ्टवर वीस मिनिटं घातली होती.

"म्हणजे त्यानं गडबड नाही केली?" ठवकर म्हणाले.

"नाही."

"मंग तेल काहून गळते?"

मी ड्रॉइंग मागितलं. इतक्या वर्षांत ठवकरांच्या शाफ्टचं मूळ ड्रॉइंग मी स्वतः एकदाही उलगडून बघितलं नव्हतं. ममता त्यावरून आकडा उतरवून घ्यायची आणि मी तो वाचायचो. सीलच्या जागेवर खूण होती आणि खुणेवर एक नाही, दोन आकडे होते. वर शून्य पॉइंट चार, खाली शून्य पॉइंट दोन. ह्यापेक्षा जास्त नको, आणि ह्यापेक्षा कमीही नको.

तो खालचा आकडा कशासाठी असतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. सीलच्या ओठाखाली तेलाची अगदी पातळ साय राहावी लागते. शाफ्टवरच्या बारीक ओरखड्यांत तेल मुरून राहतं, म्हणून ओठ ओला राहतो. शाफ्ट आरसा झाला तर तेल थांबायला जागा उरत नाही. रबर कोरडं घासतं, तापतं, करपतं, आणि मग गळायला लागतं. भागीरथीचे शाफ्ट चांगले होते म्हणून गळत होते. आणि ते इतके चांगले करायला मी त्याला लावलं होतं.

त्या शेडमध्ये, त्या क्षणी, हे सगळं मला कळलं होतं. मी ठवकरांना म्हणालो, "लॅबमध्ये जाऊन नीट बघतो." असं म्हणून पेटी बंद केली आणि निघालो.

लॅबमध्ये येऊन मी ममताकडे जॉबकार्ड मागितलं. त्यावर शून्य पॉइंट चार एवढंच लिहिलेलं. मी विचारलं, दुसरा आकडा कुठे गेला? ती म्हणाली, "सर, फॉर्म में खाना ही एक है. मैक्सिमम का." फॉर्म मी तयार केला होता. कमी तेवढं चांगलं, हे इतकं डोक्यात बसलेलं की खालच्या आकड्यासाठी रकाना ठेवावा, हे मला सुचलंच नव्हतं. ममतानं एकदा विचारलंही होतं म्हणे, दोन आकडे असले तर कुठला लिहू. मी म्हणालो होतो, वरचा.

पुढच्या सोमवारी लॅबच्या मान्यतेची तपासणी होती. बाहेरून परीक्षक येणार, एकेक कागद बघणार. आपणच दिलेला रिपोर्ट चुकीचा होता, असं लिहून नवा रिपोर्ट काढायचा म्हणजे त्यांच्या हातात कोलीत देणं. तपासणी आटोपली की शांतपणे दुरुस्त करू, असं मी स्वतःला समजावलं. आठवडाभराचाच प्रश्न आहे, भागीरथी काही कुठे पळून जात नाही. हे मी दोन दिवस घोकत होतो आणि ह्या दोन दिवसांची मला लाज वाटते, चुकीच्या शेऱ्यापेक्षाही जास्त.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी, चहा पिताना, मी शीलाला सगळं सांगितलं. तिला मायक्रॉन कळत नाही, पण बाकी सगळं कळतं.

"म्हणजे चूक तुमची," ती म्हणाली.

"फॉर्मची."

"फॉर्म कोणाचा?"

मी कप खाली ठेवला.

"केसाच्या हजार चिरफाळ्या करता तुम्ही तिथं बसून," ती म्हणाली, "अन् एका माणसाच्या घरी जाऊन दोन शब्द बोलायला आठवडा लावून राहिले. सोमवारनंतर जाल तर तो पाणी तरी विचारेल का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ममतानं सुधारित रिपोर्ट टाइप केला. मी सांगत गेलो, ती बडवत गेली. अकरा शाफ्टचे तेहतीस आकडे. त्याखाली, की लॉटमधला सर्व माल आणि आधी सादर केलेला नमुना एकसारखा आढळला. ड्रॉइंगमधली किमान मर्यादा प्रयोगशाळेनं तपासली नाही. आधीच्या रिपोर्टमधला 'एक्सलंट' हा शेरा चुकीचा होता, तो मागे घेतला आहे. आमच्या रिपोर्टमध्ये भागाचा नंबर असतो, यंत्राचा नंबर असतो, तपमानसुद्धा असतं. कारागिराचं नाव नसतं. मी ममताला म्हटलं, लिही, काम करणारे कारागीर श्री. भागीरथी साहू. ती थांबली. "सर, फॉर्मेट में नहीं है." मी म्हटलं, फॉरमॅट माझाच आहे. तिनं लिहिलं.

ठवकरांना सोबत घेऊन मी भागीरथीच्या पाऱ्यात, म्हणजे त्याच्या वस्तीत, गेलो.  घर मातीचं, शेणानं सारवलेलं, पुढं अंगण. भागीरथी खाटेवर बसला होता. आम्हाला बघून उठला, खाट आमच्यासाठी मोकळी केली आणि स्वतः उभा राहिला, माझ्या लॅबमध्ये राहायचा तसाच, भिंतीला पाठ लावून. पाणी आलं. ओसरीत त्याची बायको चटणी वाटत होती. तिचा हात थांबला नाही, पण डोक्यावरचा पदर पुढं आला.

मी सरळ सुरुवात केली. म्हटलं, भैया, तुमचे अकराही शाफ्ट मी मोजले. सगळे पॉइंट शून्य सहा, शून्य सात. तुम्ही काही लपवलं नाही. चूक माझी आहे.

"तो फिर तेल?" त्यानं विचारलं.

आता हे कसं सांगायचं? तेलाची साय, ओरखडे, ओठ, सगळं मी सांगितलं. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. आकडा कमी म्हणजे काम चांगलं, हे मीच त्याच्या डोक्यात दोन वर्षं भरलं होतं. ते दहा मिनिटांत कसं निघणार? मी म्हणत होतो, "सील को थोड़ा खुरदरा चाहिए, भैया. सील चिकने पे नहीं चलती."

ओसरीतला आवाज थांबला. त्याची बायको आपल्या पुढ्यातल्या दगडाकडे बघत होती. तिकडे पाट्याला सील म्हणतात, सील-लोढा. तिला वाटलं, मी तिच्या सीलबद्दल बोलतोय. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, सील चिकनी झाली म्हणून तर टांकीवाल्याला बोलवा म्हणून मी कधीची सांगते आहे.

भागीरथीनं तिच्याकडे बघितलं, मग दगडाकडे. उठला, जवळ गेला आणि सीलवरून तळहात फिरवला. झिजून गुळगुळीत झालेली, चटणी नुसती सरकत होती. टांकी लावून तिला बारीक खड्डे पाडल्याशिवाय ती वाटणार नव्हती.

"समझ गया साहब," तो म्हणाला. "मैंने बिना टांके दे दिया."

आणि मग, अगदी हळू, "काम लेकिन अच्छा हुआ था ना?"

 काम अप्रतिम झालं होतं. तसला हात मी पुन्हा बघितला नाही. मी म्हटलं, "काम अच्छा था, भैया. ड्रॉइंग ने इतना मांगा नहीं था, मैंने मांगा." ठवकर इतका वेळ जमिनीकडे बघत होते. ते म्हणाले, "भागीरथी, मले समजलं नाही बा. सगळ्यायच्या समोर बोललो, सगळ्यायच्या समोरच माफी मागतो. चाल." 

 भागीरथीनं माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. मी इंग्रजी ओळी वाचून हिंदीत सांगू लागलो. त्याचं नाव आलं तिथं त्यानं मला थांबवलं आणि बायकोला बोलावलं. ती हात पुसत आली. "फिर से पढ़ो साहब. ये सुन ले." मी पुन्हा वाचलं. सर्व माल आणि सादर केलेला नमुना एकसारखा आढळला.

ती बाई माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. "चोरी नइ करे हे, अइसे लिखे हे का?"

तिला काय विचारायचं होतं ते अगदी साधं होतं. पाऱ्यात तिला लोक तेच विचारत असणार. आणि माझ्या रिपोर्टमध्ये तो शब्द नव्हता. आमच्या भाषेत 'एकसारखा आढळला' म्हणजे तेच, पण तिला ते कसं कळावं, आणि का कळावं? मी खिशातलं पेन काढलं. कागद खाटेवर ठेवला आणि टाइप केलेल्या ओळींच्या खाली, मोठ्या अक्षरात, हिंदीत लिहिलं: चोरी नहीं हुई. खाली सही, तारीख. लॅबसाठी ठेवायच्या प्रतीवरही तेच लिहिलं.

"हव," मी तिला म्हटलं. "लिखे हे."

तिनं कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि आत नेऊन ठेवला.

भागीरथी दुसऱ्या दिवशी कामावर गेला. ठवकरांनी शब्द पाळला, सगळ्या लेथ बंद करून माफी मागितली. कंपनीला त्यांनी माझा रिपोर्ट पाठवला आणि शाफ्ट बदलून दिले. नव्या शाफ्टचा नमुना घेऊन भागीरथी आला तेव्हा सुईनं शून्य पॉइंट तीन एक दाखवलं. मी म्हटलं, "ठीक." त्याला हसू आलं. म्हणाला, "हाथ को रोकना पड़ता है साहब. चलता ही जाता है." पुढे मी निवृत्त होईपर्यंत तो येत राहिला, पण भिंतीशी थांबणं त्यानं सोडून दिलं. नमुना ठेवायचा आणि जायचा, बाकीच्यांसारखा. ह्याचं मला वाईट वाटतं, पण तक्रार करायला मला तोंड नाही.

सोमवारी परीक्षक आले होते. प्रौढ, व्यवस्थित गृहस्थ, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी सुधारित रिपोर्टची प्रत बरोबर बाहेर काढली. रकान्याची चूक त्यांनी मान्य करून घेतली. फॉर्म बदला म्हणाले, आम्ही तोवर बदललाही होता. मग हातानं लिहिलेल्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. ही ओळ फॉरमॅटमध्ये नाही, तांत्रिक नाही, मापनाच्या रिपोर्टमध्ये असं विधान करता येत नाही, म्हणाले. ती काढून पुन्हा रिपोर्ट द्या. मी म्हटलं, बाकी काय हवं ते दुरुस्त करतो, ही ओळ राहील.

त्यांनी चष्मा काढला. "मग निदान आधार तरी सांगा. हे विधान तुम्ही कशाच्या जोरावर केलंत?"

"मोजून," मी म्हणालो. "अकरा शाफ्ट, प्रत्येकी तीन जागी."